नांगर : भूमीचा व सागराचा
शिडाच्या गलबतास नांगर निवडण्याच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

१

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात कऱ्हेच्या काठी वसलेले मोरगाव मयूरेश्वराच्या देवस्थानामुळे साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. तेथील शेतकऱ्यापुढे ‘नांगर’ हा शब्द उच्चारला, की फाळ, रुमणे, हाळीस आणि जू यांनी सिद्ध झालेले शेतीचे अवजार त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस गेले असता हर्णै किंवा मालवण येथील तांडेलास हाच शब्द ऐकून निराळीच वस्तू आठवते. त्याचा नांगर समुद्राच्या तळाशी रुततो आणि गलबतास जागच्या जागी धरून ठेवतो. क्रियापदाच्या बाबतीत तर विरोध अधिकच स्पष्ट होतो. शेत नांगरले म्हणजे अवजार जमिनीतून पुढे पुढे गेले. जहाज नांगरले म्हणजे ते थांबले. एकाच क्रियापदाने गती आणि स्थिती या दोन परस्परविरुद्ध गोष्टी दर्शविल्या जाव्यात, हे भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे.

हा केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. शिडाच्या गलबताचा नांगर कोणता असावा, या प्रश्नावर अनेक शतके माणसांचे प्राण व राज्यांची आरमारे अवलंबून राहिली आहेत. या प्रश्नाचे उत्तर काळानुसार कसे बदलत गेले, कोकणच्या किनाऱ्याने त्यात कोणती भर घातली, आणि मराठी शब्दाचा या इतिहासाशी कितपत संबंध पोचतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. शेतीच्या नांगराचे मूळ संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दात आहे, याविषयी मतभेद नाही. हा शब्द ऋग्वेदात आलेला आहे. तथापि तो मूळचा आर्य नसावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. तमिळमधील ‘नांजिल’, कन्नडमधील ‘नेगिलु’ व तेलुगूमधील ‘नागलि’ हे नांगरवाचक शब्द त्याच्या जवळचे आहेत; संताळीतील ‘नाहेल’ व मलाय भाषेतील ‘तेंगाला’ हेही त्याच कुळातील मानले जातात. पालीत ‘नंगल’ असे रूप मिळते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘लाङ्गल’ शब्दाच्या आरंभीच्या लकाराचा विकल्पाने णकार होतो असा स्पष्ट नियमच दिला आहे. म्हणजे मराठी शब्दातील आद्य नकार जुना व नियमित आहे.

गलबताच्या नांगराची गोष्ट वेगळी आहे. फारसीत नांगरास ‘लंगर’ म्हणतात, आणि हिंदी महासागराच्या व्यापाराबरोबर हा शब्द बंदरोबंदरी पोचला. हिंदी, गुजराती, तेलुगू व कन्नड या भाषांत तो ‘लंगर’ किंवा ‘लंगरु’ या रूपाने आढळतो. तमिळ व मल्याळम या भाषांत त्याचे ‘नंगूरम’ असे रूप आहे. बंगालीत नांगराला ‘नोंगर’ म्हणतात, परंतु शेतीच्या अवजारास ‘लाङल’. उडियातही एकीकडे ‘लंगळ’ व दुसरीकडे ‘नंगर’ असा भेद आहे. गुजरातीत शेतीचे अवजार ‘हळ’ आहे, आणि जहाज नांगरण्यास ‘लांगरवुं’ किंवा ‘नांगरवुं’ म्हणतात.

या तुलनेवरून एक गोष्ट ध्यानात येते. भोवतालच्या भाषांत शेतीच्या अवजाराचा शब्द व गलबताच्या नांगराचा शब्द हे वेगवेगळे राहिले. मराठीत मात्र ते एकरूप झाले. ‘लाङ्गल’ यातील अंत्य लकाराचा मराठीत सामान्य नियमाने ळकार व्हावयास हवा होता, जसा ‘फल’ याचा ‘फळ’ झाला. तो न होता रकार झाला, आणि म्हणूनच ‘नांगळ’ व ‘लंगर’ अशी दोन रूपे परस्परांपासून दूर न राहता ‘नांगर’ या एकाच ध्वनिरूपात येऊन मिळाली. तेव्हा समुद्रातल्या वस्तूला शेतातल्या अवजाराचे नाव कोणा कवीने उपमा म्हणून दिले, असे समजण्याचे कारण नाही. दोन प्रवाह दोन दिशांनी आले आणि एका पात्रात मिसळले. मिसळल्यानंतर मात्र बोलणाऱ्याच्या मनात ते एक झाले. नांगर तळाची माती फाडतो म्हणूनच त्याला नांगर म्हणतात, अशी त्याची सहज समजूत झाली. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली नोंदलेले आहेत.

या शब्दाच्या शेजारचे दर्यावर्दी शब्द पाहिले म्हणजे ही मिसळ स्वाभाविक वाटू लागते. ‘बंदर’ व ‘नाखुदा’ हे शब्द फारसी, ‘खलाशी’, ‘सुकाणू’ व ‘गुराब’ हे अरबी मूळचे, आणि ‘आरमार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला. समुद्रावरील मराठी ही अनेक किनाऱ्यांची भाषा होती. युरोपीय भाषांतील नांगरवाचक शब्द ग्रीक ‘आंकुरा’ यापासून निघाले आहेत, आणि त्याच्या मुळाशी वाकडेपणाचा अर्थ आहे. संस्कृत ‘अङ्क’ व ‘अङ्कुश’ हे शब्द त्याच धातूचे. ग्रीकांना नांगरात आकडा दिसला. मराठी माणसास त्यात फाळ दिसला.

३

परंतु प्राचीन नांगरास ना आकडा होता, ना फाळ. तो दगड होता. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः द्वारका, बेट द्वारका व सोमनाथ येथे, आणि दक्षिणेस कोकण व गोव्याच्या पाण्यातही, सागरी पुरातत्त्वाच्या संशोधकांना दगडी नांगर सापडले आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार केले जातात. पहिला प्रकार मध्यभागी भोक असलेल्या वर्तुळाकार दगडाचा. दुसरा त्रिकोणी दगडाचा. यास वरच्या बाजूस दोरासाठी एक गोल भोक व खालच्या बाजूस लाकडी दात बसविण्यासाठी दोन चौकोनी भोके असतात. तिसरा प्रकार उंच, चौकोनी छेदाच्या व वर निमुळत्या होत गेलेल्या दगडी खांबाचा. याच्या खालच्या टोकाची दोन भोके परस्परांशी काटकोनात असतात. या तिसऱ्या प्रकारास संशोधक इंडो-अरेबियन नांगर म्हणतात. इराणच्या सीराफ बंदरापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत त्याचा प्रसार आढळतो, आणि त्याचा काळ स्थूलमानाने इसवी सनाच्या नवव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतचा मानला जातो.

या तीन प्रकारांत एक क्रम दिसतो. केवळ भोक पाडलेला दगड आपल्या वजनानेच गलबत धरतो. वजनाने धरणे हे फार महागाचे धरणे आहे. कारण पाण्यात बुडालेल्या दगडाचे वजन तेवढ्या आकारमानाच्या पाण्याच्या वजनाइतके कमी होते, आणि गुळगुळीत तळावर तो घसरत जातो. लाकडी दात बसविल्याबरोबर नांगराचे कार्य बदलले. दगडाने दातांना तळाशी दाबावयाचे व दातांनी मातीत शिरावयाचे, अशी वाटणी झाली. म्हणजे नांगराच्या निवडीतील मूलभूत तत्त्व, की धरण्याचे सामर्थ्य वजनापेक्षा मातीतील पकडीवर अवलंबून असते, हे या किनाऱ्यावरील नाविकांना मध्ययुगातच अनुभवाने माहीत झाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात जलावतरण झालेल्या व अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाच्या आधारे शिवून बांधलेल्या ‘कौण्डिन्य’ या नौदलाच्या शिडाच्या जहाजावर हडप्पाकालीन पद्धतीचा दगडी नांगर प्रतीक म्हणून ठेवलेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये हे जहाज पोरबंदरहून मस्कतकडे निघाले, तेव्हा या जुन्या मार्गाची आठवण पुन्हा जागी झाली.

४

मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ देशावरील माणसांनी केला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पुणे व सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मोरगाव सुप्याच्या जवळच आहे. इ. स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी सुपे घेतले आणि पुढच्याच वर्षी कल्याण व भिवंडी त्यांच्या हाती येऊन मराठी सत्ता समुद्रास भिडली. पुणे उद्ध्वस्त करून मुरार जगदेवाने तेथे गाढवाचा नांगर फिरविला व पुढे त्याच भूमीवर सोन्याचा नांगर धरला गेला, असे परंपरा सांगते. ज्या घराण्याच्या कथेत भूमीच्या नांगरास इतके महत्त्व आहे, त्याच घराण्याने १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घालून सागराच्या नांगरासही आश्रय दिला.

मराठी आरमाराच्या गलबतांचा आकार लहान व तळ उथळ होता. खाड्यांत शिरणे, वल्ह्यांनी चालणे आणि खडकांच्या आड उभे राहणे हे त्यांचे बळ. अशा गलबतास फार जड नांगर निरुपयोगी. त्यास लवकर टाकता येणारा व त्याहून लवकर उचलता येणारा नांगर हवा. याचे प्रत्यंतर १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत आले. १८ ऑक्टोबर रोजी नागावकडून निघालेले मराठी आरमार इतक्या वेगाने चालून आले की, खांदेरीजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या इंग्रज जहाजांना नांगर उचलून निघावयासही जेमतेम अवधी मिळाला. त्या दिवशी इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती पडले. नांगरलेले जहाज वाऱ्यापासून सुरक्षित असते, परंतु शत्रूपुढे ते बांधलेले असते.

हाच धडा ७७ वर्षांनी उलट बाजूने मिळाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस जखडून उभे होते. १२ तारखेस एक तोफगोळा ‘रेस्टोरेशन’ या पूर्वी इंग्रजांकडून घेतलेल्या जहाजावर पडून ते पेटले. त्याची आग शेजारच्या जहाजांस लागली आणि अल्पावधीत आंग्र्यांचे बहुतेक सारे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. वाघोटणच्या खाडीत वादळापासून त्या जहाजांस भय नव्हते. परंतु जी व्यवस्था वाऱ्याविरुद्ध उत्तम होती, तीच अग्नीविरुद्ध घातक ठरली. या लढाईत इंग्रजांच्या बाजूस पेशव्यांचे सैन्य होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या हानीचे दुःख अधिकच गहिरे होते. मराठ्यांच्या सागरी सामर्थ्याचा मोठा भाग मराठ्यांच्याच संमतीने जळाला.

‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी आरमाराची छावणी करावी, आणि ती दरवर्षी एकाच बंदरी न करता बंदरे बदलावीत, म्हणजे एकाच ठिकाणच्या रयतेस उपद्रव होणार नाही, असा त्यातील एक उपदेश आहे. यातून कोकणी नौकानयनाचे एक मूलतत्त्व प्रकट होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांत उघड्या किनाऱ्यावर कोणताही नांगर भरवशाचा नसतो. म्हणून नांगराची निवड करण्यापूर्वी जागेची व ऋतूची निवड करावी लागते.

५

जुन्या लोखंडी नांगराच्या रचनेत खरी युक्ती त्याच्या आडव्या दांड्यात होती. हा दांडा दोन्ही बाहूंशी काटकोनात असल्यामुळे नांगर तळाशी आडवा पडू शकत नसे. एक दात खाली वळून मातीत घुसत असे. मात्र दुसरा दात वर उभा राही, आणि गलबत प्रवाहाबरोबर फिरले की दोर त्यात अडकून नांगर उपटला जाई. दोरही पूर्वी काथ्याचा असे. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो व ताण पडला असता लवतो, त्यामुळे लाटेचा धक्का तो सोसतो. परंतु तो हलका असल्याने नांगराचा दांडा वर उचलला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॅम्युएल ब्राउन याच्या खटपटीने जहाजांवर लोखंडी साखळी आली. साखळीच्या भाराने तिचा खालचा भाग तळावर पसरून राहतो व नांगरावरील ओढ आडवी होते. ओढ जितकी आडवी, तितकी पकड घट्ट.

पुढील महत्त्वाचा टप्पा एका शास्त्रज्ञाने गाठला, आणि येथेच भूमीचा व सागराचा नांगर पुन्हा भेटतात. केंब्रिजचा जेफ्री इन्ग्राम टेलर हा द्रवगतिशास्त्रातील थोर संशोधक होता व शिडाच्या नौकेतून प्रवास करणारा दर्यावर्दीही होता. लहान नौकेवरील माणसास जड नांगर ओढून घेणे कष्टाचे पडते, हे त्याला स्वानुभवाने माहीत होते. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसही हलका व भरवशाचा नांगर हवा होता. १९३३ मध्ये त्याने सिद्ध केलेल्या नांगरास ‘सी-क्यू-आर’ हे नाव मिळाले; ही अक्षरे वेगाने उच्चारली असता ‘सुरक्षित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ऐकू येतो. या नांगराचा आकार शेतीच्या दोन फाळांना पाठीस पाठ लावून जोडल्यासारखा आहे, आणि इंग्रजीत त्यास शेतीच्या नांगराचेच नाव पडले. आडवा दांडा नाही, वर राहणारा दात नाही. बिजागरी असल्यामुळे गलबत थोडे फिरले तरी फाळ मातीतच राहतो.

देशावरील शेतकऱ्यास ही रचना समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन उकरीत असे. लोखंडी नांगराचा वक्र पंख ढेकूळ उचलून एका बाजूस पालथे घालू लागला. एकाच बाजूस माती पालथी पडत असल्यामुळे तो त्या बाजूस रेटा देतो, आणि शेतकऱ्यास रुमणे धरून त्यास सरळ ठेवावे लागते. टेलरच्या नांगरास रुमणे धरणारा कोणी नाही. म्हणून त्यास दोन सारखे पंख द्यावे लागले, म्हणजे दोन्ही बाजूंचे रेटे परस्परांस तोलतात. शेतकरी फाळ एका ठराविक खोलीवर ठेवून पुढे नेतो. समुद्रात ओढ वाढेल तसा फाळ खोल जावा व अखेर थांबावा, अशी योजना करावी लागते. अवजार एकच, हेतू उलटा. मराठी क्रियापदातील जो विरोध प्रारंभी सांगितला, त्याचे हे यंत्रशास्त्रीय उत्तर होय.

६

टेलरनंतर निवडीचे क्षेत्र विस्तृत झाले. १९३९ च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड डॅनफोर्थने दोन रुंद, सपाट व हालणाऱ्या पात्यांचा हलका नांगर केला, आणि दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरविणाऱ्या नौकांवर तो उपयोगी पडला. वाळू व मऊ चिखल यांत त्याची पकड विलक्षण असते. परंतु ओढीची दिशा एकदम बदलली की तो उपटण्याचा संभव असतो, आणि खडकाळ तळावर त्याचा उपयोग थोडा. १९७० नंतर पीटर ब्रूसचा पंजाच्या आकाराचा नांगर आला; तो लवकर रुततो, पण त्याची अंतिम पकड मोठ्या पात्याच्या नांगराइतकी नसते. त्यानंतर बिजागरी नसलेला ‘डेल्टा’, आणि अलीकडे अंतर्वक्र पात्याचे ‘स्पेड’ व ‘रोक्ना’ हे नांगर प्रचारात आले. ‘रोक्ना’वरील लोखंडी कमान नांगर उलटा पडल्यास त्यास गडगडवून सुलटा करते. बहिर्वक्र फाळ माती बाजूस सारतो, अंतर्वक्र पाते ती धरून ठेवते. या दृष्टीने नवा नांगर फाळापासून दूर जाऊन फावड्याच्या जवळ आला आहे.

यावरून निवडीचे नियम काढता येतात. पहिला प्रश्न तळाचा. मुंबई बंदर व उत्तर कोकणातील खाड्या चिखलाच्या आहेत. तेथे रुंद पात्याचा नांगर हवा. मालवणच्या पाण्यात खडक आहेत. तेथे नांगर रुतण्याऐवजी अडकतो, व तो सोडविण्यासाठी त्याच्या डोक्यास निराळा दोर बांधून ठेवणे शहाणपणाचे असते. फिरत्या नौकेस उद्या कोणता तळ मिळेल हे ठाऊक नसते. म्हणून तिच्या मुख्य नांगराने सर्व तळांवर मध्यम प्रतीचे तरी काम दिले पाहिजे, आणि विशेष तळासाठी दुसऱ्या जातीचा नांगर जवळ असला पाहिजे. एकाच जातीचे दोन नांगर बाळगणे म्हणजे एकाच उणिवेवर दोनदा विसंबणे होय.

दुसरा प्रश्न दोराचा. साखळीची लांबी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, वारा असेल तर सातपट असावी, असा सर्वमान्य दंडक आहे. परंतु ही खोली नौकेच्या नाळीपासून व भरतीच्या वेळेची धरावयाची. मुंबईस उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहून अधिक असते. ओहोटीस पाच मीटर पाण्यात, नाळीची एक मीटर उंची मिळवून सहा मीटरांच्या हिशेबाने तीस मीटर साखळी सोडली, तर भरतीस तीच खोली दहा मीटर होते आणि पाचपटीची साखळी तिप्पट उरते. नांगर उत्तम असूनही नौका वाहून जाते, आणि दोष मात्र नांगरास दिला जातो.

तिसरा प्रश्न प्रवासाच्या हेतूचा. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत ते चार बंदरांत थांबले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. नौका एकच, परंतु पहिल्या प्रवासात नांगर हे नित्याचे साधन होते, तर दुसऱ्यात तो वापरावा न लागणे यातच प्रवासाची सिद्धी होती. नांगराची योग्यता नौकेच्या आकारावरून जेवढी ठरते, तेवढीच तिच्या मार्गावरूनही ठरते.

७

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात असा. दगडी नांगराने वजनावर भिस्त ठेवली. दात आल्यावर पकडीचे महत्त्व कळले. साखळीने ओढीची दिशा सुधारली. आणि १९३३ मध्ये फाळाच्या आकाराने वजन व पकड यांचे नाते जवळजवळ तोडले. मराठी भाषेत मात्र ध्वनींच्या योगायोगाने ‘लाङ्गल’ व ‘लंगर’ एकत्र येऊन समुद्रातील वस्तूस फाळाचे नाव आधीच मिळून गेले होते. शब्दाने शास्त्राचे भाकीत केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु बोलणाऱ्यांच्या मनात दोन वस्तूंचे जे साम्य रुजले, ते निराधार नव्हते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

नांगराच्या सामर्थ्यास मर्यादाही आहे, आणि ती विजयदुर्गाच्या खाडीत दिसून आली. ज्या तांडेलास तळ, ऋतू, भरती आणि निघून जाण्याची वाट या चारही गोष्टी ठाऊक आहेत, त्याच्या हाती साधा नांगरही भरवशाचा होतो. कऱ्हेकाठच्या शेतकऱ्याचा अनुभव याहून वेगळा नाही. जमिनीचा वाफसा न ओळखता धरलेला उत्तम नांगरही ढेकळेच वर काढतो.